वाईनचं कपाट

आषाढीच्या आदल्या संध्याकाळी आमच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात पाऊल ठेवायला जागा नसते. बाहेर पाऊस, दारात टेकवलेल्या छत्र्यांचे ओघळ, आत भगर-साबुदाण्याच्या पिठूळ वासात मिसळलेला ओल्या रेनकोटचा वास. मी शेंगदाण्याची पिशवी धरून रांगेत. माझ्यापुढे एक आजी होत्या, नऊवारीतल्या, कपाळाला बुक्का. त्यांनी राजगिऱ्याचं पीठ मागितलं. दुकानदाराने गल्ल्यावरूनच पोऱ्याला हाळी दिली, "अरे, वाईनच्या कपाटातून राजगिरा काढ रे एक किलो!" आत काचेचं दार सरकल्याचा आवाज झाला, पुडा काउंटरवर आला. आजींनी त्याला हात लावला नाही. थोडा वेळ नुसत्या बघत राहिल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "दुसऱ्या कपाटातला नाही का रे बाबा?"

दुकानदार हसला. म्हणाला, "आजी, नावाचंच आहे ते. एकसुद्धा बाटली कधी ठेवली नाही त्यात, देवाशपथ." आजी म्हणाल्या, "असेल रे. पण उपासाचं आहे." पोऱ्या मात्र शहाणा. त्याने निमूटपणे पुडा उचलला, मागच्या बाजूला गेला, दोन मिनिटं कुठेतरी खुडबुड केली आणि पुडा घेऊन परत आला. आजींनी तो कपाळाला लावल्यासारखा करून पिशवीत टाकला. पुडा तोच होता. कोपऱ्यावर फाटल्याजागी लावलेल्या सेलोटेपवरून मी ओळखला.

मी काही बोलले नाही.

घरी येऊन खिचडीसाठी दाणे भाजत होते तरी ते मनातून जाईना. पोऱ्याची लबाडी नव्हे, ती तर मला आवडलीच होती. मला टोचत होतं ते त्या आजींचं थांबणं. कपाटात दारूचा थेंब कधी नव्हता, तरी त्याला विटाळ लागलेला होता. आणि त्यांच्या जागी माझी मामी असती तर तीही अशीच थांबली असती की पुडा सरळ पिशवीत टाकून मोकळी झाली असती, हे काही केल्या मला ठरवता येईना.

कपाटाची गोष्ट आमच्या कॉलनीत सगळ्यांना ठाऊक आहे. २७ जानेवारी २०२२ ला मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाईन विकायला मान्यता दिली आणि आमचा दुकानदार कामाला लागला. दुकान किमान १०० चौरस मीटरचं हवं, म्हणजे हजार फुटांच्या वर. याचं जेमतेम सातशे. शेजारी एका टेलरचा गाळा होता, तो रिकामाच व्हायचा होता, तो घेऊन मधली भिंत पाडली. भिंतीच्या धुळीने आठवडाभर आमच्या तुरीच्या डाळीत कचकच लागत होती. मग कपाट. नियमात सव्वादोन घनमीटर लिहिलेलं, कुलूप लावता येईल असं. सुताराने विचारलं, "घनमीटर म्हंजे फुटात किती, शेठ?" दुकानदाराच्या बारावीतल्या मुलीने वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं आणि कपाट ठरलं सात फूट उंच, सहा फूट रुंद, दोन फूट खोल. थोडं जास्तच, पण कमी नको. वर्षाचं शुल्क ५,००० रुपये, ते त्याने बाजूला काढून ठेवलं होतं. राहिला प्रश्न देवळाचा. देऊळ, शाळा जवळ नको असं होतं आणि दुकानामागे पिंपळाखाली शेंदूर लावलेला मारुती आहे. चार विटांचा कट्टा, वर पत्रा. त्याला देऊळ म्हणायचं की नाही यावर दुकानातच एक परिसंवाद झाला. दर शनिवारी तेल घालणारेच म्हणत होते, "छे हो, देऊळ कसलं, दगड आहे तो." धंद्यापायी माणसं मारुतीलासुद्धा दगड म्हणतात, हे त्या निमित्ताने कळलं.

त्या कपाटाच्या खालच्या तीन फळ्या सपाट नाहीत. त्यांना ओळीने अर्धगोल खाचा आहेत, पन्हाळीसारख्या. वाईनची बाटली आडवी ठेवतात, म्हणजे बूच आतून ओलं राहतं, नाहीतर ते सुकतं, आकसतं, हवा आत शिरते आणि वाईन आंबते. हे दुकानदाराने कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं होतं. आपल्याकडच्या बऱ्याचशा बाटल्यांना आता फिरकीचं झाकण असतं, त्यांना हे काही लागत नाही. पण त्याला काम नीट करायचं होतं. सुताराने खाचा इतक्या सुबक कोरल्या आहेत की अजूनही हात फिरवावासा वाटतो. आता त्यांत पुडे ठेवतात आणि ते मधोमध वाकतात.

बाटली आडवी ठेवायची, हे मी मात्र कुठल्या व्हिडिओत पाहिलेलं नाही. ते मी मामीच्या कोठीत पाहिलं.

मामाचं गाव निफाड तालुक्यात. द्राक्षाचं गाव म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे हिरवेगार मांडव आणि लोंबते घड येतात. मला आठवतात ते मामीचे हात. खायच्या द्राक्षाला काय कमी लाड लागतात? ऑक्टोबर छाटणी झाली की फुटवे काढा, घडांची विरळणी करा, बारीक कात्रीने एकेक मणी खुडा, मग जीएच्या, म्हणजे मणी फुगवायच्या औषधाच्या, पाण्यात घड न् घड बुडवा. एका हातात मग, दुसऱ्या हाताने घड धरायचा, बुडवायचा, झटकायचा, पुढे. दिवसभर मान वर. संध्याकाळी बायका भाकरी थापायला बसल्या की मानेला हात लावून नुसत्या "आई गं" म्हणायच्या. त्यात डाऊनी, भुरी हे रोग, आणि जानेवारीत ढग आले की घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही.

२००१ साली सरकारचं द्राक्षापासून वाईनचं धोरण आलं, विंचूरला वाईन पार्क निघालं. गंगापूर धरणाच्या अंगाला राजीव सामंतांच्या सुला कंपनीने तोवर बस्तान बसवलंच होतं. मग बघता बघता जो तो करार करायला लागला. मामानेही दीड एकर शिराझ, म्हणजे वाईनचं द्राक्ष, लावली. मामीला ती बाग पहिल्या दिवसापासून आवडली. तिला विरळणी नको, डिपिंग नको, मणी फुगवायचे नाहीत. मणी हरभऱ्याएवढाले, काळे, जाड सालीचे, आत बिया. मी एकदा मूठभर तोंडात टाकले तर आधी चक्क गोड, खायच्या द्राक्षाहून गोड, आणि मागून सालीचा असा तुरटपणा की जीभ टाळूला चिकटली. बोटं दोन दिवस जांभळी. "ही पोरं आपापली वाढत्यात," मामी म्हणायची. "ती खायची थॉम्सन म्हंजी एकुलती एक, सारखी कडेवर पाहिजे."

पहिला माल गेला तेव्हा वाईनरीच्या माणसाने मामाला एक बाटली दिली. लाल, गळ्याला सोनेरी कागद. आमच्या घरात दारूची बाटली म्हणजे कल्पना करवत नाही असं काहीतरी, पण ती पाहुण्याने दिलेली, आणि वर आपल्याच शेतातली. मामीने ती पदराने पुसली आणि विचारलं, "ठिवायची कुठं ही?" तो म्हणाला, "अंधारात, थंड जागी. आणि आडवी ठेवा मामी, उभी नको." मामीला असं हसू फुटलं की पदर तोंडात कोंबूनही थांबेना. मामाही हसायला लागला. तो बिचारा वाईनरीवाला आपलं काय चुकलं म्हणून बघत राहिला.

हसण्याचं कारण गावात पोरासोरांना माहीत होतं. वर्षभरापूर्वीच गावातलं देशी दारूचं दुकान बंद करायला बायकांनी मतदान घडवून आणलं होतं. मतपत्रिकेवर दोन बाटल्या, एक उभी, एक आडवी. उभी म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. यातली मेख अशी की आलेल्या मतांपैकी निम्मी मिळून भागत नाही, यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त आडवीवर पडावी लागतात. घरी बसलेली प्रत्येक बाई दुकानाच्या बाजूची. म्हणून मामी आणि तिच्या बरोबरीच्या आठ-दहाजणी आधीच्या रात्री घराघरांत जाऊन बसल्या होत्या. जिचा नवरा सोडत नव्हता तिच्या दारात ओट्यावरच ठाण मांडलं. एका बाळंतिणीला बैलगाडीतून आणलं. शिक्का कुठे मारायचा हे आजीबायांना कळावं म्हणून मामी खरोखरची रिकामी क्वार्टरची बाटली घेऊन फिरत होती. जमिनीवर आडवी करून दाखवायची, "हे बघा, अशी निजलेली. निजलेल्या बाटलीवर शिक्का." आडवी बाटली जिंकली. दुकान गेलं. पुढे काही महिन्यांत फाट्यावरच्या एका टपरीत चोरून मिळायला लागली, तीही वाढीव भावाने, पण ते सांगायला मामीला आवडत नाही आणि मी विचारत नाही.

तर त्याच मामीच्या कोठीत, बाजरीच्या कणगीमागे, तिच्याच वेलींची बाटली आडवी निजली. तिला यात काही विसंगत वाटलं नाही. मलाच वाटलं होतं, कॉलेजात होते ना, तेव्हा सगळ्यात विसंगती दिसायची. मी विचारलं तर म्हणाली, "त्या दुकानात माणूस पगाराच्या दिवशी जातो आन् घरी मोकळ्या हातानं येतो. ही कोण पितं? मुंबईची लोकं. ती काय घरी येऊन भांडी फोडत्यात का?" मुंबईची लोकंही भांडी फोडतात, जरा महागाची, हे तिला कोण सांगणार.

मी लग्न होऊन नाशकात आले आणि भांडी न फोडणाऱ्यांत जमा झाले. कधीमधी, कुणाकडे जेवायला गेलं तर, अर्धा ग्लास. एकदा नवऱ्याला यायला उशीर होता आणि न्यायची बाटली आणायचं माझ्यावर आलं. आमच्याकडे दुकानाच्या पाटीवर "वाईन शॉप" लिहितात आणि आत वाईन सोडून सगळं खपतं. लोखंडी जाळी, जाळीला हात जाईल एवढी खिडकी, त्या खिडकीत एका वेळी सहा हात. घामाचा, गुटख्याचा, सांडलेल्या बिअरचा वास. मी रांगेत उभी राहिले आणि रांग आपोआप फाटली. "मॅडमला आधी द्या, मॅडमला." कुणी वाईट बोललं नाही, धक्का दिला नाही. उलट इतका मान मिळाला की पळून जावंसं वाटलं. वाईन वरच्या फळीवर, ट्यूबलाईटला खेटून, उभी, धुळीने राखाडी झालेली. पोऱ्याने स्टुलावर चढून काढली आणि वर्तमानपत्रात गुंडाळली. राशिभविष्याचं पान होतं. वरती माझी रास आली होती, "वडीलधाऱ्यांचा सल्ला मोलाचा ठरेल." स्कूटरच्या डिकीत बाटलीवर मेथीच्या दोन जुड्या टाकून मी घरी आले.

तेव्हा २०२२ च्या जानेवारीत बातमी आली तर माझं पहिलं मन काय म्हणालं ते लपवून उपयोग नाही. चला, जाळी सुटली. डाळ, साबण, रवा आणि त्याच ट्रॉलीत एक बाटली, गल्ल्यावर टुक्क करून बिल. मामीचा विचार दुसऱ्या दिवशी आला.

आणि मग महिनाभर टीव्हीवर जो शिमगा झाला तो तुम्ही पाहिलाच आहे. सत्तेतले म्हणाले वाईन म्हणजे दारू नव्हे, विरोधातले म्हणाले महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र करायला निघालेत. राळेगणहून अण्णा हजारेंचं पत्र गेलं, उपोषणाची १४ फेब्रुवारी तारीख पडली, ग्रामसभेनंतर उपोषण स्थगित झालं. दारू आहे की नाही यावर तर मला हसूच येत होतं. कायद्यालाही ते अर्धवटच ठरवता आलेलं आहे, वाईन-बिअरला वयाची अट २१ आणि बाकीच्याला २५. मुळात आपल्याकडे चालतो तो अजून १९४९ चा दारूबंदी कायदा. पिणारा प्रत्येक जण कागदोपत्री दारूबंदीत राहतो आणि परवान्यापुरता सुटतो. त्या परवान्यात कारण काय, तर आरोग्याचं जतन. एवढा विनोद कायद्यात असल्यावर कपाटात वेगळा कशाला शोधायचा?

पण दोन्हीकडचे बोलताना एक शब्द सारखा वापरत होते, शेतकरी. एकजण त्याच्या भल्यासाठी बाटली कपाटात ठेवत होता, दुसरा त्याच्याच संसारासाठी काढून घेत होता. मी मामाला फोन लावला. तो बागेत होता, मागे फवारणीच्या ब्लोअरचा आवाज. म्हणाला, "ऐकतोय ना मोबाईलवर. कोणचा शेतकरी म्हणत्यात गं ते? नाव-गाव सांगत्यात का?"

त्याला तसं विचारायचा हक्क होता. २००८ च्या मंदीत वाईनचा खप पडला. त्यानंतरच्या दुसऱ्या हंगामात मामाची शिराझ तयार झाली, त्याने रिफ्रॅक्टोमीटर उन्हाकडे धरून साखर पाहिली, आकडा करारात होता तेवढा भरला, आणि गाडी आली नाही. आज येते, सोमवारी येते, टाकी रिकामी झाली की येते. मग फोन उचलणं बंद झालं. खायचं द्राक्ष असतं तर पडेल भावाने बाजारात लोटलं असतं, गेलाबाजार बेदाणा केला असता. बी असलेल्या, जाड सालीच्या या मण्यांचं काय करणार? घड वेलीवरच सुरकुतले. मधमाश्या, गांधीलमाश्या, साळुंक्या. मी मार्चमध्ये गेले तेव्हा बागेच्या बांधापासूनच वास येत होता, आंबूस-गोड, पिठाच्या गिरणीत गूळ सांडावा तसा. मामा बांधावर बसून होता. म्हणाला, "वाईनरी लागलीच नाही बघ. वेलीवरच झाली." त्याच २०१० साली खायच्या द्राक्षांचे कंटेनरही युरोपात अडकले, लिहोसिन या वाढ रोखायच्या औषधाचे अंश सापडले म्हणून. तालुक्यात त्या वर्षी कुणी कुणाला धीर द्यायचा हाच प्रश्न होता. पावसाआधी मामाने दीड एकर शिराझ मुळासकट काढली. वेलींची लाकडं मामीने दोन वर्षं चुलीत जाळली. चांगली जळतात म्हणते, धूर कमी.

म्हणून कुणी म्हणालं की कपाटात बाटली गेली की शेतकरी सुधारेल, तर मला ती गाडी आठवते. जास्त वाईन खपली तर गाडी आली असती, हेही तितकंच खरं, मामाही ते मान्य करतो. जिल्ह्यात वाईनचं द्राक्ष एकूण द्राक्षाच्या तुलनेत चिमूटभर. त्या चिमटीतल्या लोकांना अशा दुकानांचा उपयोग झाला असता बहुधा. मामा त्या चिमटीतून बारा वर्षांपूर्वीच बाहेर पडला होता, एवढंच. आणि माझं विचाराल तर मी त्या कपाटातून बाटली घेतली असती, आणि घेताना आजूबाजूला बघितलं असतं, आणि ट्रॉलीत तिच्यावर मेथी टाकली असती. जाळी गेली असती, मेथी राहिलीच असती.

पुढे हरकती-सूचना मागवल्या गेल्या, जूनमध्ये सरकारच गेलं, आणि आमच्या दुकानापर्यंत तो नियम काही पोहोचला नाही. टेलरच्या गाळ्यात आता कडधान्याच्या बरण्या आहेत. कपाटात आधी महागडी बिस्किटं ठेवून पाहिली, मग पणत्या, मग उपासाचे जिन्नस, कारण काचेच्या दारामुळे त्यांना मुंग्या लागत नाहीत. नाव तेवढं तेच राहिलं.

कार्तिकीच्या आधी मामी मोतीबिंदूसाठी आमच्याकडे आली होती. डोळ्यावरची पट्टी निघाली, काळा चष्मा चढला, आणि तिला कशाकशाकडे निरखून बघायचा उत्साह आला. मी तिला दुकानात नेलं. खरं सांगायचं तर मुद्दाम नेलं, आणि काउंटरवर मुद्दाम त्याच नावाने राजगिरा मागितला. मामीने माझ्याकडे बघितलं. "कसलं कपाट?" मी सगळी हकीकत सांगितली, दुकानदाराने भर घातली, घनमीटर, मारुती, सगळं. मामी उठून कपाटापाशी गेली. दार सरकवून बघितलं, चाकं नीट फिरतात का. चष्मा वर करून खालच्या फळीवरचा पुडा उचलला आणि खाचेत बोट घातलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"आडवी ठेवायला केलंय," ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

"होय मावशी," दुकानदार म्हणाला. "बूच ओलं राहतं."

"म्हाईत हाये." पुडा हातातच होता. त्याला खाचेच्या आकाराचा बाक आला होता. तिने तो मांडीवर दोनदा आपटून सरळ केला आणि माझ्या पिशवीत टाकला. मग पुन्हा दाराकडे वळली, कडीवरून हात फिरवला.

"आन् कुलूप?"

"ते होय?" दुकानदार सुट्टे मोजता मोजता म्हणाला, "चांगलं भारीतलं होतं मावशी, वाया कशाला घालवायचं. मागच्या गोडाऊनला लावलंय. तिथं तेलाचे डबे असतात."